डावखुऱ्यासाठी चकमकीची बंदूक

हॅरो,
९ जानेवारी २०२५

ती. अंबरीशभाऊजींस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मला धड बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. व्हॉट्सॲप मुद्दाम टाळलं. माझे मेसेज घरातल्या टॅबलेटवरही दिसतात आणि तो टॅबलेट समरच्या खोलीत असतो. यातलं त्याला इतक्यात काही कळायला नको आहे, तेव्हा उत्तरही कागदावरच द्या. ऑफिसला जाताना मेट्रोपॉलिटन लाइनवर लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या.

विचारणा विचित्र आहे. चकमकीची बंदूक कशी निवडायची? तुम्ही खंडेनवमीला पाटावर मांडली होतीत तशी, गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, नळीच्या तोंडातून दारू ठासायची. मला ती समरसाठी घ्यायची आहे.

तुम्ही आता चष्मा काढून पुसत असाल. मेडिकल सोडल्यापासून समर घरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘जरा ब्रेक घेतलाय’ असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तो खोलीतून बाहेरच पडत नाही. ताट खोलीत नेऊन द्यावं लागतं आणि तेवीस वर्षांच्या मुलाला आंघोळीची आठवण करून द्यावी लागते. मोहन गेल्यावर तर माझ्याशी बोलणंही थांबलं. गेल्या अख्ख्या वर्षात तो आपणहून घराबाहेर पडला तो फक्त तुमच्याकडे यायला. खंडेनवमीच्या त्या वीकएंडला तुम्ही त्याला तुमच्या नेमबाजी क्लबच्या ओपन डेला नेलंत. परतीच्या वाटेवर लेस्टरपासून ल्यूटनपर्यंत तो माझ्याशी बोलत होता. दारू किती मोजायची, गोळीभोवती चिंधी का गुंडाळायची, असलं काहीबाही. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी हूं हूं करत राहिले. तेव्हापासून दिवसभर तो असल्या बंदुका ठासणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतो. दुसरं काहीही करत नाही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या हाताला लागलेली काडी ही आहे. बजेट बेताचं आहे, सहाशे पौंडांच्या वर मला झेपणार नाही. पहिलीच बंदूक आहे तेव्हा देखणी नसली तरी चालेल, पण त्याने हातात घेतली की ती उडाली पाहिजे. पहिल्या दिवशी ठिणगी पडली नाही तर तो पुन्हा हात लावणार नाही, आणि मग माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

मोहनचे थोरले चुलतभाऊ म्हणून नव्हे, या विषयातले जाणकार म्हणून सांगा. सुमनवहिनींना नमस्कार.

तुमची,
वैजयंती


लेस्टर,
१५ जानेवारी

चि. वैजयंतीस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं मी लोकांचे दात काढले, पण इतकं गोड पत्र मला एकाही पेशंटने लिहिलं नाही. सुमनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुम्हाला एकट्याने वेडं राहवत नाही, आता पुतण्यालाही ओढा.” मी ओढणार आहे.

आधी कायदा, म्हणजे तुझा हिरमोड लवकर उरकेल. ही वस्तू वाढदिवसाला शर्ट बांधून द्यावा तशी देता येत नाही. बंदूक जुन्या पद्धतीची असली तरी नळीला आतून आटे असले की पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते समरच्या नावावर. दारू ठेवायला वेगळा परवाना. त्याआधी क्लबात चारेक महिने उमेदवारी करायची, क्लबच्याच बंदुकांवर हात बसवायचा. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, तब्येतीची माहिती जाते, दोन ओळखीची माणसं लेखी ग्वाही देतात, आणि शेवटी एक ऑफिसर घरी येऊन लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलंय का ते बघतो. आमच्याकडे आलेल्या ऑफिसरला नळीवर कुंकू दिसलं. तो गंज समजला आणि मला बंदूक कशी पुसावी यावर व्याख्यान दिलं. मी मान डोलावली, परवाना महत्त्वाचा.

आता बंदूक. दुकानदार तुला टोपीची घ्या म्हणेल. म्हणजे घोडा स्फोटक भरलेल्या बारक्या टोपीवर आपटला की बार. ती स्वस्त असते, पावसात दगा देत नाही, आणि शहाणी माणसं तीच घेतात. पण पोरगं ठिणगीवर भाळलं असेल तर टोपीची घेऊन देऊ नकोस, वर्षभरात कोपऱ्यात पडेल. हौसेला मोल नसतं, आपल्याला मात्र सहाशेत बसवायची आहे. म्हणून सेकंडहँड बघ, इटालियन नाहीतर स्पॅनिश बनावटीची. लाकडाच्या झिलईवर जाऊ नकोस, सगळा जीव घोड्यात आणि त्याच्यासमोरच्या पोलादी पट्टीत असतो. दारू न घालता चाप ओढून बघायचा. पांढऱ्या ठिणग्यांचा सडा पडला तर घ्यावी, दोन-चार लाल ठिपके विझत खाली आले तर नमस्कार करून बाहेर पडावं. स्वस्तातल्या नव्या बंदुकांची पट्टी मऊ असते आणि मग माणूस गारगोटीला शिव्या देत बसतो. नळीत बारका दिवा सोडून बघ, आत खड्डे असले तर ती किडलेली दाढ समज. आणि सगळे पैसे बंदुकीवर उधळू नकोस, ठासायचा गज, गारगोट्या, गोळ्यांचा साचा यांनाही लागतात.

एक अडचण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. समर डावखुरा आहे. नेहमीच्या बंदुकीचा घोडा उजव्या अंगाला असतो, डाव्या खांद्याला लावली की भडका तोंडासमोर उडतो. त्या दिवशी माझ्याकडे होती ती तशीच त्याने डाव्या खांद्याला लावली. चाप ओढल्यावर आधी बाहेरची रंजक, म्हणजे ठिणगीखालची चिमूटभर दारू, पेटते, मग आतली दारू, आणि मग गोळी निघते. मधल्या क्षणात माणूस हटकून दचकतो. मी अजून दचकतो. तुझं पोरगं तसूभरही हललं नाही. क्लबातले दोन म्हातारे मला येऊन म्हणाले, हा कोण? मी छाती फुगवून माझा पुतण्या म्हणून सांगितलं. तर त्याला डाव्या हाताची हवी, आणि ती मिळणं कठीण. पण शोधू.

त्या ‘ब्रेक’चं फार मनाला लावून घेऊ नकोस. या वयात मुलं उंडारतात. आपला घरात बसून उंडारतोय, तेवढाच पेट्रोलचा खर्च वाचला.

तुझा,
अंबरीश


हॅरो,
४ फेब्रुवारी

ती. अंबरीशभाऊजींस,
सा. न. वि. वि.

मिळाली. डाव्या हाताची, सेकंडहँड, इटालियन. लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी दिसेल त्या दुकानाला फोन केले. श्रॉपशरमधल्या एका दुकानदाराकडे होती. बाई म्हणून तो आधी थट्टेवारी नेत होता, पण मी ठिणग्या पांढऱ्या की लाल असं विचारल्यावर सरळ आला. व्हिडिओ काढून पाठवला. पांढऱ्या आहेत, सडा पडतो. नळीत दिवा सोडलेला फोटोही मागवला. मी डिपॉझिट भरलंय आणि तो जूनअखेरपर्यंत ठेवून घेतो म्हणालाय.

भाऊजी, काल समर खाली आला. सोफ्यावर माझ्या शेजारी बसला. दुकानदाराकडे आणखी एक होती, फिकट लाकडाची, म्हणून मी त्याला दोन्ही फोटो दाखवले आणि विचारलं, मेपल की वॉलनट? तो दोन्ही फोटो मोठे करून बघून म्हणाला, “वॉलनट.” मी चहाला म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडले. कधीपासून त्याने काही निवडलं नव्हतं, भाजी कुठली हवी तेसुद्धा नाही.

आता उमेदवारीचं जमवा. दर शनिवारी मी त्याला लेस्टरला आणीन, कितीही ट्रॅफिक असलं तरी. सर्टिफिकेटचा फॉर्म मी डाउनलोड करून भरून ठेवलाय, त्याने फक्त सही करायची आहे. ग्वाही देणाऱ्या दोघांत एक तुम्ही, दुसरे आमच्या गल्लीतले रिटायर्ड हेडमास्तर. क्लबात तुमचा शब्द चालतो, तेव्हा चार महिन्यांचे दोन होत असले तर बघा. मला त्याचा हा मूड जायच्या आत हे सगळं व्हायला हवं आहे.

जीपीची काळजी करू नका. तिथे त्याच्या नावावर काहीच नाही. मोहनने त्या वेळी दूरदृष्टीने सगळं घरातच ठेवलं होतं, त्यामुळे फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं की झालं.

तुमची,
वैजयंती


लेस्टर,
९ फेब्रुवारी

चि. वैजयंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होतो. शेवटाला आल्यावर सुमनने चहाचा कप खाली ठेवला आणि तेवढाच भाग परत वाचायला लावला. मग पहिलंही पत्र काढायला लावलं. तिने तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, मी फक्त तोंडात बघितलंय, तेव्हा पुढचे प्रश्न तिचे आहेत.

‘त्या वेळी’ म्हणजे कोणत्या वेळी? आम्हाला तीन वर्षांपूर्वी समरला कावीळ झाल्याचं सांगितलं होतंत. सुमनने मऊ भाताची पेज आणि मनुका डब्यात भरून पाठवल्या होत्या, आणि मोहनने भेटायला येऊ नका म्हटलं, संसर्ग होईल म्हणून. काविळीसाठी फॉर्मवर कोणी ‘नाही’ लिहीत नाही.

आणि दुसरं. तुझ्या दोन्ही पत्रांत तुला काय हवंय ते आहे. ही बंदूक मला घेऊन दे असं समर कधी म्हणाला का? एकदा तरी?

मी अजून कशाला नाही म्हटलेलं नाही. फक्त खरं सांग, माझ्यापासून लपवून तुला काय मिळणार आहे.

अंबरीश


हॅरो,
१३ फेब्रुवारी

ती. अंबरीशभाऊजींस,

कावीळ नव्हती. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्याने घरातल्या गोळ्या घेतल्या. मोहन वेळेवर घरी आला. तो डॉक्टर, त्याला काय करायचं ते कळत होतं. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावू दिली नाही. दोन दिवस स्वतः उशाशी बसून राहिला आणि मुलगा वाचवला. मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या नावावर एकदा हा शब्द चढला की आयुष्यभर पुसत नाही, असं तो म्हणाला. तो याच हॉस्पिटलांत पस्तीस वर्षं राबलेला, त्याला इथली रीत माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. नंतर त्याचे एक मित्र दर रविवारी जेवायला यायचे. मानसोपचाराचे मोठे डॉक्टर, आपल्याच महाराष्ट्र मंडळातले. डायनिंग टेबलावर समरशी तासभर बोलायचे आणि मी आत पुऱ्या तळायची. कागद नाही, बिल नाही, कुणाला कळायचा प्रश्न नाही. आपल्याकडे सगळे असंच करतात, तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तो सुधारत होता. मग मोहनच गेला आणि ते मित्र यायचे बंद झाले.

त्यानंतर मी काय केलं नाही ते विचारा. जीपीकडे चल म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करतो. मी नवस बोलले, योगावाल्या बाईंना आणलं, त्याच्या मित्रांचे पाय धरले. ऑफिसात असताना तासातासाला फोन करते आणि तो उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. एकदा ट्रेनमध्ये असताना उचलला नाही तर मी वेंब्लीपार्कला उतरून टॅक्सीने घरी गेले. तो कानात हेडफोन घालून त्या बंदुकांचे व्हिडिओ बघत होता. मी जिन्यात बसून देवाचे आभार मानले, त्या बंदुकांचेही मानले.

तो घेऊन दे म्हणालेला नाही, हे खरं आहे. तो काहीच म्हणत नाही, मग मी त्याच्या तोंडाकडे बघत किती वर्षं थांबू? वॉलनट म्हणाला ना? तो आता बरा आहे, भाऊजी. निदान बरा होण्याच्या रस्त्यावर आहे आणि तुम्ही रस्ता अडवून उभे राहणार असाल तर मी कुठे जाऊ? फॉर्मवर खरं लिहिलं तर परवाना मिळणार नाही. तो हे ऐकेल, परत खोलीत जाईल, आणि या खेपेला वेळेवर घरी यायला मोहन नाही.

एक सही मागते आहे. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. पदर पसरते, नाही म्हणू नका.

वैजयंती


लेस्टर,
१७ फेब्रुवारी

चि. वैजयंती,

मी सही करणार नाही.

वर आशीर्वाद लिहायला हात उचलला नाही, राग म्हणून नव्हे. ऑक्टोबरात त्या मुलाच्या हातात भरलेली बंदूक मी दिली होती. तो हलला नाही म्हणून कौतुकाने लोकांना सांगत फिरलो. तुझं पत्र आल्यापासून मला तेवढंच दिसतंय. मला हे माहीत असतं तर मी त्याला क्लबच्या फाटकातही नेलं नसतं. मोहन माझा भाऊ होता, त्याने मलासुद्धा कावीळ सांगितली याचं मला फार वाईट वाटतं, पण ते त्याच्याबरोबर गेलं. समर आहे.

तू म्हणतेस तो बरा आहे. त्याच पानावर लिहितेस की तासातासाला फोन करतेस. यातलं एकच खरं असणार, आणि कोणतं ते तुला माहीत आहे.

सुमन म्हणते त्याला सरळ विचार. मरावंसं वाटतं का, हे याच शब्दांत विचार. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, असलं तर बाहेर येतं. तुमच्या घरात हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही, सगळ्यांनी फक्त उपचार केले. घरातल्या गोळ्या आजच्या आज शेजारी नेऊन दे. जीपीला सगळं सांग, आणि त्याआधीच काही बिघडलं तर ॲम्ब्युलन्स बोलाव, लोक काय म्हणतील ते आपण नंतर बघू. त्या दुकानदाराला नाही म्हणून कळव.

आणखी एक, मग तू मला हव्या त्या शिव्या दे. मी क्लबच्या सेक्रेटरीला कळवलंय की या नावाचा उमेदवारीचा फॉर्म आला तर आधी मला विचारा. कारण सांगितलेलं नाही. तू दुसरीकडून प्रयत्न केलास तर मात्र मी पोलिसांना कारणासकट लिहीन. हे तुला धमकी वाटेल. तशी ती आहेच.

आम्ही दोघं यायला तयार आहोत. आज बोलावलंस तर आज निघू.

अंबरीश


हॅरो,
२१ फेब्रुवारी

श्री. अंबरीश यांस,

तुमचं पत्र मिळालं. मोहन असता तर हे लिहायची तुमची छाती झाली नसती.

माझ्या मुलाचं गुपित मी विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही त्याचा दोर करून माझ्याच गळ्यात अडकवलात. तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून पुस्तकी शहाणपण सांगणं सोपं जातं. तुम्ही दाराबाहेरून बघताय, मी आत आहे. त्याला ‘मरावंसं वाटतं का’ असं विचारायला सुमनवहिनींची जीभ रेटेल, आईची रेटत नाही.

बंदूक मी सोडलेली नाही. देशात क्लब पुष्कळ आहेत आणि सही करणारी माणसंही. यापुढे मला पत्र लिहू नका, आणि येऊ तर नकाच.

वैजयंती


लेस्टर,
२ मार्च

चि. समर,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तिला पत्र लिहू नका असं बजावलंय. तुला लिहू नका असं म्हटलेलं नाही, म्हणून ही पळवाट. तिच्यावर रागावू नकोस. तिने मला सगळं सांगितलं ते तुझ्यासाठी सही मिळावी म्हणून, आणि मी नाही म्हटलं. बंदूक मिळाली नाही तर तो दोष माझा आहे, तिचा नाही.

तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते आता मला माहीत आहे. मी तुला भेटायला यायला हवं होतं, कावीळ असती तरीही. आता सरळ विचारतो आणि मला तुझं खरं उत्तर हवं आहे, चांगलं उत्तर नको. तुला मरावंसं वाटतं का? ती बंदूक घरात आली असती तर तुझ्या मनात काय होतं?

उत्तर इंग्लिशमध्ये दिलंस तरी चालेल. नाही दिलंस तर मी परत लिहीन, आणि मग परत. रिटायर्ड माणूस आहे, मला दुसरा उद्योग नाही.

तुझा,
अंबरीशकाका


हॅरो,
२६ मार्च

अंबरीशकाका,

मला मराठी लिहायला आजीने शिकवला होता. खूप चुकेल, पण इंग्लिशमध्ये मी हे सगळ्यांना खोटं सांगून सांगून प्रॅक्टिस झाली आहे, सो मराठीत लिहितो. तुमचे तीन पत्र मिळाले. आईने उघडले नाही, तिने फक्त माझ्या टेबलवर ठेवले. पहिला मी तीन वीक वाचला नाही, सॉरी.

तुम्ही विचारलं ते कोणी विचारला नव्हता. बाबाने ब्लड प्रेशर बघितला, पल्स बघितली, तो खूप चांगला डॉक्टर होता. पण व्हाय, ते नाही विचारला. बाबाचा फ्रेंड यायचा, तो एक्झामबद्दल बोलायचा.

बंदूक मला आवडला, ते खरं आहे. लोडिंग इतकं स्लो आहे. एक गोष्ट झाली की दुसरा, घाई केली तर होतच नाही. आणि तुमच्या क्लबमध्ये कोणी मला ‘सध्या काय करतोस’ नाही विचारला. व्हिडिओ मी त्याच्यासाठी बघायचो, डोकं शांत होतो. पण मला तो विकत नको होता. आई फोटो घेऊन आली आणि ती हसत होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. मला वाटला हिला हे पाहिजे, नाहीतर ती पडेल. म्हणून वॉलनट म्हणालो.

मग आईने कपाट ऑर्डर केला. लोखंडी, माझ्या खोलीत लावायचा. त्या दिवसापासून मी फक्त कपाटातल्या गोष्टीचा विचार केला. टार्गेटचा नाही. तुम्हाला समजतं ना मी काय म्हणतो? हो, वाटतं. रोज नाही, पण वाटतं. आणि मी घाबरलो, काका, कारण आई इतकी खूश होती आणि मी तिला थांबवू शकत नव्हतो.

तुमचा तिसरा पत्र आला त्यात फक्त एक लाइन होती, तोच प्रश्न. काल मी जीपीकडे गेलो. एकटा, बसने. रिसेप्शनवर बाई म्हणाली, प्रॉब्लेम काय आहे, आणि माझ्या मागे पाच-सहा लोकं उभे होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग डॉक्टरने कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाली, “देअर इज नथिंग हिअर, समर.” मी म्हणालो, आय नो. आता लिहा.

तिने सगळं लिहिलं. मी रडलो पण ती थांबली माझ्यासाठी.

आईला अजून माहीत नाही. तुम्ही सांगू नका. ती आज ऑफिसमधून आली की मी सांगणार.

समर


हॅरो,
१३ एप्रिल

ती. अंबरीशभाऊजींस,
सा. न. वि. वि.

कुठल्या तोंडाने लिहू हे कळत नव्हतं म्हणून इतके दिवस गेले. मुलाबाळांवरून तुम्हाला जे बोलले त्याची क्षमा मागायची आहे, पण ती कागदावर मागता येत नाही. सुमनवहिनींचीही मागायची आहे.

त्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा समर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. मला वाटलं वॉक करून आला असेल, म्हणून मी उत्साहाने सांगायला लागले की श्रॉपशरच्या दुकानदाराचा फोन आला होता, केंटमधल्या एका क्लबाची माहितीही मिळाली आहे. माझा कोटसुद्धा अंगावर होता. त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, “आई, ती घरी आणू नकोस. मी ती माझ्यावर वापरीन.”

ओरडला नाही, रडला नाही. भाजी आणू नकोस म्हणावं तसं म्हणाला. मी कोट काढला, हँगरला लावला. मग त्यानेच मला धरून पायरीवर बसवलं. भाऊजी, माझ्या मुलाच्या मरणाचं सामान मी स्वतः शोधत होते. ठिणग्या पांढऱ्या आहेत ना याची खात्री करून घेत होते, लाकूड त्याच्याकडून निवडून घेत होते. तुम्ही सही केली असतीत तर मी तुमचे पाय धरले असते आणि तीच बंदूक घरी आणली असती. हे मला रोज आठवतं आणि आठवलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

तो बरा झालाय असं लिहिणार नाही. तसं लिहायची मला सवय लागली होती. जीपीने पाठवलेली मानसोपचाराची टीम आठवड्यातून दोनदा घरी येते, त्यांच्यातली एक मुलगी त्याच्याशी बोलते तेव्हा मी बाहेर जाते. थेरपीची वेटिंग लिस्ट लांब आहे. गोळ्या शेजारच्या मधुमतीबाईंकडे कुलपात आहेत, त्यांना कारण मीच सांगितलं, आणि त्यांनी फक्त किल्ली गळ्यात घातली. गेल्या मंगळवारी फार वाईट दिवस होता. ॲम्ब्युलन्स आली, निळे दिवे लावून, अख्ख्या गल्लीसमोर. सकाळी त्याला घरी आणलं. हेडमास्तरांनी खिडकीतून बघितलं असेल, नसेल, मला काही वाटलं नाही. दुकानदाराने डिपॉझिट परत दिलं नाही, त्याचंही काही वाटलं नाही. लोखंडी कपाट मात्र मी हातोड्याने भिंतीतून उपटून कौन्सिलच्या कचरा-डेपोवर टाकून आले, आणि त्याचं बरं वाटलं.

मी त्याला अजून तो प्रश्न विचारू शकलेले नाही. तोंड उघडते आणि दुसरंच काही विचारते, जेवलास का, थंडी आहे का. त्याला ते कळतं. काल तो म्हणाला, काकांना बोलाव. मी विचारलं, क्लबात जायचंय का? तर म्हणाला, नाही, त्यांना सांग बंदूक आणू नका, नुसते या, आणि पत्रात विचारलं ते समोर बसून विचारा.

येत्या शनिवारी दोघंही या. तो काय उत्तर देईल ते मला माहीत नाही. तो देईल तेव्हा मीही तिथेच बसणार आहे.

तुमची,
वैजयंती